खडूताईची रेघ

पाणीशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे खडूताई म्हणत. बावीस वर्षं ती दर तासाला क्लोरीनच्या टाकीपाशी जायची आणि आतला द्रव जिथवर उतरला असेल तिथे बाहेरून खडूने रेघ ओढायची. दोन रेघांत चार बोटं अंतर. पाच भरली तर तिचा जीव थाऱ्यावर नसे. नवा संगणक बसला तसे इंजिनिअरसाहेब हसले, "ताई, आता रेघोट्या पुरे. पडदा सगळं सांगतो."

"सांगू दे की. मी कुठे त्याचं तोंड धरलंय?"

पहिल्याच सकाळी तिने प्रमाण भरलं: १२.५००, म्हणजे तासाला साडेबारा लीटर. पडद्यावर तेच उमटलं, शेजारी हिरवी खूण. तासाभराने शहराला पाणी सुटायचं होतं. वाटेत पहिलंच प्रसूतिगृह, आणि तिथे तिची लेक कालच बाळंत झालेली.

पाणी सोडायच्या आधी ती खडू घेऊन गेली. द्रव रेघेपासून चांगला दोन वीत खाली! एवढं क्लोरीन पोटात गेलं तर? ती धावत येऊन शहराला पाणी सोडायच्या मुख्य चाकासमोर, त्यावर हात ठेवून, उभी राहिली.

"अहो, पडदा हिरवा आहे! शहर बोंब मारेल," साहेब ओरडले.

"मारू दे. बोंब मारायला माणसं धडधाकट तर राहतील."

फोन खणखणू लागले. त्यात लेकीचाही. "आई, पाणी नाही गं. बाळाला पुसायचंय." खडूताईचा चाकावरचा हात निघाला नाही. "थांब राणी, अजून थोडं."

मग पडद्यावरच्या टिंबाकडे बोट दाखवत ती साहेबांना म्हणाली, "टिंब न देता भरा बघू. साडेबारा हजार." त्यांनी भरलं. पडद्यानं स्वतःहून टिंब घातलं: १२.५००. साहेबांचा चेहरा उतरला. प्रणाली परदेशातली, तिथे टिंब हजार तोडायला, दशांशाला स्वल्पविराम. साडेबाराचे साडेबारा हजार समजून पंप जिवाच्या आकांताने ओतत होता. साहेबांनी स्वल्पविराम दिला तेव्हा कुठे तो शांत झाला.

सगळं पाणी बदललं. तिने नमुना स्वतः तपासला, पेलाभर पिऊन पाहिला आणि मगच चाक फिरवलं. दुपार झाली होती.

"आलं गं आई पाणी!" फोनवर मागे नात टाहो फोडत होती. इतका वेळ ताठ उभी असलेली खडूताई तिथेच जमिनीवर बसली आणि रडली.

तास भरला होता. साहेबांनी हात पुढे केला. "ताई, खडू द्या." आणि ती रेघ त्यांनी ओढली.