नाचघरातली खिडकी

जुनी जहाजं मोडतात त्या दारूखान्याच्या किनाऱ्यावर एक प्रवासी बोट तोडायला आली होती. माझे सासरे, अण्णा, उमेदीची सगळी वर्षं याच बोटीच्या इंजिनघरात यंत्रांना तेलपाणी करायचे. "एकदा बघून येऊ," म्हणाले, म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

मला वाटलं, ते थेट इंजिनघराकडे वळतील. पण त्यांनी तिथल्या मुकादमाला विचारलं, "वरचं नाचघर अजून आहे का हो?"

नाचघर होतं. झुंबरं काढून नेली होती, लाल गालिचा मात्र तसाच होता. अण्णांनी दारातच चपला काढल्या.

"आता कोण अडवतंय तुम्हाला?" मी म्हणाले.

"तसं नव्हे गं. आम्हा खालच्या माणसांना इथे बंदी होती. कधी पाऊल टाकलं नाही, म्हणून."

ते हळूहळू मोठ्या खिडकीपाशी गेले आणि थबकले. भरतीचं पाणी पार घारापुरीपर्यंत चकाकत होतं.

"इथून एवढा समुद्र दिसायचा?"

एका बोटीतल्या माणसांचा प्रवास एकच असतो, असं आपण उगाच धरून चालतो. वर कुणी सूर्यास्त बघत असे, तेव्हा खाली अण्णांना दिवस मावळल्याचं घड्याळ सांगत असे. बंदर आलं, हे त्यांना यंत्रं थांबली की कळायचं.

"वाईट वाटतंय का, अण्णा?"

"वाईट कसलं? हिला नेत तर आम्हीच होतो."

मग त्यांनी खिडकीजवळ एक खुर्ची ओढून घेतली आणि ते ऐसपैस बसले. मुकादम दारापर्यंत आला, त्यांच्याकडे पाहून तसाच परत गेला.