पंधरा मिनिटांचा बिबट्या

मी आयुष्यातली पंधरा मिनिटं बिबट्या म्हणून काढली आहेत. यात अभिमानाने सांगावं असं काही नाही. सासरी हा विषय निघाला की मी अजूनही पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातो.

सुरुवात एका संडासापासून झाली. माझी सासुरवाडी जुन्नर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. माणसं सोन्यासारखी, पण संडास परसाच्या टोकाला, पत्र्याच्या दाराचा, उकिडवं बसायचा. मी चिंचवडच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. (कमोडशिवाय माझं पान हलत नाही.) लग्नानंतर चार वर्षं मी "माझी गैरसोय होते" म्हणून तिथे एकदाही मुक्काम केला नाही. सकाळी जायचं, दाबून जेवायचं, संध्याकाळी परत! सासरे, म्हणजे अण्णा, यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. यंदा दिवाळीनंतर मात्र त्यांचा फोन आला.

"पावणं, नवं बाथरूम बांधलंय. तुमच्यासारखं, खुर्चीवानी बसायचं! शनवारी या दोगंबी. आन् आता मुक्कामालाच या बरं का."

"अण्णा, यायचं फार होतं हो, पण रजाच नाही!"

हे बोलताना माझ्या मांडीवर नवा कोरा तंबू होता. त्याच शनिवारी बायकोला, मनीषाला, घेऊन मी रानात मुक्काम करणार होतो. ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचे डोंगरातले फोटो आले होते, माझाच राहिला होता.

"तुम्हाला रानात उघड्यावर चालतं, आमच्या घरी चालत नाही?" मनीषाने विचारलं.

"अगं, ते निसर्गात असतं. ते वेगळं!" (हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. पूर्ण शुद्धीत.)

शेजारच्या तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला गाडी लावून आम्ही चढायला लागलो. नकाशा मोबाईलवर, मोबाईल माझ्याकडे. दुपारी खिंड ओलांडली आणि मनीषा थबकली.

"अहो, हा डोंगर मला..."

"नकाशा कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडे."

"मग झालं तर!"

त्यानंतर ती दिवसभर गप्प. मला वाटलं, निसर्गाने भारावली. संध्याकाळी तंबू उभारायला दोन तास लागले. दीड तास मी खटपट करत होतो, मग अर्धा तास मनीषाने केली. म्हणजे उभा राहिला तो अर्ध्या तासात.

सकाळी उजाडलं आणि पोटाने हाक दिली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात खास या कामासाठी मागवलेलं चिमुकलं फावडं घेऊन मी उतारावरच्या करवंदीच्या जाळीमागे बसलो. (हो, उकिडवा!) मिनिटभरात मांडीत गोळा आला, तोल गेला, आणि मी मागच्या मागे काट्यांत आपटलो. तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता, हे मलाही मान्य आहे.

"बिबट्या! आरं बिबट्याय जाळीत!" खालून कुणीतरी बोंब ठोकली.

बघता बघता काठ्या आल्या, डबे वाजायला लागले, म्हशी उधळल्या.

"फॉरेस्टवाल्यांना फोन लावा!"

"लई मोठाय राव! म्या पाठ बगितली!"

(पाठ नव्हती ती. पण असो.)

"अहो, मी माणूस आहे!" असं ओरडायला मी तोंड उघडलं, तोच एक आवाज आला, "सरा रं मागं. म्या बगतो."

अण्णा!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोंगराच्या पलीकडे जाण्याच्या नादात मी थेट सासुरवाडीच्या उशाशी येऊन झोपलो होतो. बाहेर पडलो तर रजा न मिळालेला जावई, आत राहिलो तर बिबट्या. मी बिबट्याच राहायचं ठरवलं. बिबट्याला निदान पिंजऱ्यात घालून लांबच्या जंगलात तरी सोडतात! मी हळूच गुरगुरूनही पाहिलं. गर्दी दहा पावलं मागे सरली. म्हटलं, जमतंय की!

आणि माझा मोबाईल वाजला. गर्दी पाहून घाबरलेल्या मनीषाने तंबूतून लावला होता.

डबे थांबले.

"बिबट्याला फोन आलाय," कुणीतरी म्हणालं.

मी पँट सावरत बाहेर आलो. केसांत काटे, हातात फावडं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग फावड्याकडे पाहिलं.

"पावणं," ते हळू आवाजात म्हणाले, "रजा मिळाली व्हय?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"आण्णा, जावई ना ह्ये तुमचं?" गर्दीतून विचारणा सुरू झाली. "घर सोडून डोंगरात कशापायी? भांडान झालं का काय?"

अण्णांची मान क्षणभर खाली गेली. चारचौघांत त्यांच्या घराची शोभा माझ्यामुळे होत होती. मग ते वळले.

"भांडान कशाचं? कालपासनं माज्याकडंच हायेत. मीच म्हनलं, सकाळचा डोंगर बगून या. चला, लागा कामाला!"

माझं खोटं झाकायला तो माणूस अख्ख्या गावाशी खोटं बोलला.

उतरताना मनीषाला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"याच डोंगरावर शेळ्या राखल्यात मी. पण नकाशा तुमच्याकडे होता!"

घरी पोचलो. नव्या बाथरूमच्या दारावर झेंडूचं तोरण वाळून गेलं होतं, आणि दाराला कुलूप होतं.

"कुलूप का?"

"ह्यांचा हट्ट," सासूबाई म्हणाल्या. "म्हनत्यात, पैला मान जावयाचा. म्हैना झाला, कुनाला वापरू दिलं न्हाई." आणि एक हात गुडघ्यावर दाबत, दुसऱ्यात टमरेल घेऊन, त्या लंगडत पत्र्याच्या दाराकडे निघाल्या.

त्यांचे गुडघे गेलेत हे चार वर्षांत मला माहीतच नव्हतं. मुक्काम केला असता तर कळलं असतं!

"आई, आधी तुम्ही जा!"

"आवो छ्या! मान तुमचा!"

अण्णांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि मला आत ढकललं. गुलाबी फरशी, पांढराशुभ्र कमोड. बाहेर सगळं घर कान देऊन उभं. मी दहा मिनिटं बसलो. लाजेने पोट असं आक्रसलं होतं की काही म्हणजे काही झालं नाही. शेवटी मी नुसतंच पाणी सोडलं.

"कसं काय पावणं?"

"झकास, अण्णा!"

अण्णांचा चेहरा असा फुलला की माझं दुसरं खोटं मला पहिल्याहून जास्त टोचलं. त्यांनी किल्ली सासूबाईंच्या हातात ठेवली. त्या आत गेल्या, कडी लागली, आणि नेमकी तेव्हाच माझ्या पोटाने पुन्हा हाक दिली.

चार वर्षं टाळलेलं ते पत्र्याचं दार मी धावत जाऊन उघडलं. सांगायला लाज वाटते, पण तिथे एका मिनिटात काम झालं.