बुटांसकट पाण्यात

पोलीस खात्यात मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका बुडून मृत्यूची फाइल मात्र अजून पानापानाने आठवते. कागदोपत्री ते प्रकरण लहान होतं. त्यात आरोपी नव्हता, अटक नव्हती, कोर्टाची पायरीही नव्हती. नावं मी कुणाचीच देणार नाही. त्यातली माणसं अजून आहेत.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं होतं, पण नव्या राजधानीचं शहर अजून नकाशातच होतं. शेतांमधून रस्त्यांची मोजणी चालू होती. जिल्हा तेव्हा मोठा असल्यामुळे जंगलाला लागून असलेला एक ग्रामीण थाना रायपूरच्याच हद्दीत यायचा. मी तिथे थाना प्रभारी होतो. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत विदर्भातून इकडे आलेले. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि थान्यात छत्तीसगडी, अशीच माझी सगळी नोकरी गेली.

आमच्या हद्दीत एक धबधबा होता. तिथे फलक नव्हता, रस्ताही नव्हता. शेवटच्या गावात गाडी ठेवायची आणि नाल्याच्या कडेने जंगलातून चालत जायचं. शहरातल्या तरुणांना त्याचा पत्ता कसा लागला कोण जाणे, पण पावसाळा संपला की रविवारी त्यांची टोळकी दिसू लागत.

अशाच एका रविवारी दुपारी त्या गावचा कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, एका तरुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून थान्यात आला. तरुणाने चष्मा लावलेला होता आणि कपडे अंगाला चिकटलेले होते. त्याचा एक मित्र धबधब्याच्या डोहात बुडाला होता. रोजनाम्यात नोंद केली, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूचं प्रकरण, कायम केला आणि हाताशी होते ते शिपाई घेऊन मी निघालो.

आम्ही पोहोचेपर्यंत गावातल्या पोहणाऱ्यांनी प्रेत बाहेर काढून खडकावर ठेवलं होतं. सत्ताविशीचा, सडपातळ तरुण. बाजूला त्याचे आणखी दोन मित्र बसले होते. चष्मेवाला धरून ते तिघे आणि मयत, असे चौघे नव्या राजधानीच्या रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका खासगी कंपनीत कामाला होते. तिघांनी सांगितलं ते असं: सोबत बीअर आणली होती, मयताने जास्त घेतली, धबधब्याखाली जाऊन दाखवतो म्हणाला आणि उडी मारली. परत वर आलाच नाही.

घटनास्थळाचा पंचनामा करताना दोन गोष्टी मी मुद्दाम लिहून घेतल्या. मयताच्या पायात बूट होते, नाड्या बांधलेल्या होत्या, आणि मोबाइल शर्टाच्या खिशात होता. मौजेसाठी पाण्यात उडी मारणारा माणूस कितीही प्यायलेला असो, तो आधी बूट काढतो आणि मोबाइल मित्राच्या हातात देतो. त्या काळात मोबाइल ही जिवापाड जपायची वस्तू होती. दुसरी गोष्ट, त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताजे ओरखडे होते. ते खडकाचे वाटत नव्हते. नखांचे होते.

शवविच्छेदनात मृत्यूचं कारण बुडणं हेच निघालं. पोटात दारूचा वास आला नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला. तो अहवाल यायला महिने लागत. तोवर वर्तमानपत्रांचं काम होऊन गेलं होतं. नशेत तरुण बुडाला, असा ठळक मथळा आला. तो मजकूर तिघांच्या सांगण्यावरूनच तयार झालेला होता.

पुढच्या आठवड्यात मयताचे वडील थान्यात आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. खुर्ची दिली तरी ते आधी उभेच राहिले. मी मराठीत बोललो तेव्हा बसले. ते म्हणाले, "साहेब, आमच्या घरी पंचशील पाळतो आम्ही. माझा पोरगा दारूले हात लावत नव्हता. आणि लावत असंन, तर मले ते तुमच्या तोंडून आयकाचं आहे. पेपरातून नाही."

मी त्यांना पोहण्याबद्दल विचारलं. मुलाला पोहता येत नव्हतं. लहानपणी तलावात एकदा गटांगळी खाल्ली, तेव्हापासून तो पाण्याच्या कडेलाही उभा राहत नसे. घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने आणखी एक बारीक गोष्ट सांगितली. त्या सकाळी तिने पोळ्या करून डबा भरला होता. मुलगा तो न घेताच गेला. सगळ्यांचं खाणं दुसरं कुणीतरी आणणार आहे, असं म्हणाला. तो भरलेला डबा संध्याकाळपर्यंत ओट्यावरच होता.

आता माझ्या मनात संशय पक्का बसला. हातांवर नखांचे ओरखडे, पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात, आणि तीन साक्षीदार पाठ केल्यासारखं एकच वाक्य बोलणारे. झटापट झाली असावी, ढकललं असावं, असंच कोणताही तपास अधिकारी म्हणाला असता. वरिष्ठांना मी तोंडी तसं कळवलंही. त्या तिघांचं पुढचं आयुष्य तेव्हा माझ्या टेबलावर होतं आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती.

त्यातच थान्यावर फोन आला. बाईचा आवाज होता. तिने माझं नाव विचारून खात्री करून घेतली. "पेपरात तुमचं नाव वाचलं. मराठी आहात म्हणून बोलून राहिली. धबधब्यावर चार जण नव्हते, पाच होते. त्या पोट्ट्याची फुकट बदनामी होऊन राहिली." तुम्ही कोण, असं मी विचारेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

तिघांना पुन्हा बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. चौकशीत हात उगारण्याची गरज मला क्वचितच पडली. खोटं बोलणारा माणूस मुख्य घटनेची तयारी करून येतो, आजूबाजूची नाही. म्हणून बुडण्याबद्दल मी काहीच विचारलं नाही. कोणत्या गाडीवर कोण बसलं, वाटेत कुठे थांबलात, काय खाल्लंत, एवढंच विचारत राहिलो. एकाने सांगितलं, वाटेत हॉटेलातून पुऱ्या घेतल्या. दुसऱ्याने सांगितलं, समोसे. चष्मेवाला मराठी घरातला होता, पण मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायचा. तो बोलून गेला, साबुदाण्याची खिचडी होती.

खिचडी कुणी आणली, असं मी विचारलं. त्याने मयताचं नाव घेतलं.

मयताच्या घरी उपास करत नव्हते. त्याच्या आईचा डबा ओट्यावर राहिला होता. तेवढं मी त्याला सांगितलं आणि शवविच्छेदनाचा कागद समोर ठेवून ओरखड्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, या ओळीचा अर्थ मला लावावा लागेल. बीअर, उडी, हे सगळं बाजूला राहील आणि तुम्ही तिघे खुनाच्या गुन्ह्यात जाल. त्याने चष्मा काढून हातात धरला. पहिल्यांदाच तो माझ्याशी मराठीत बोलला.

"साहेब, ते ओरखडे तिचे आहेत. त्यानं तिले वाचवलं."

बाकीच्या दोघांना मी त्याने सांगितलेलं काहीच कळू दिलं नाही. तरी थोड्या वेळाने त्यांनीही तेच सांगितलं. या वेळी शब्द तिघांचे वेगवेगळे होते. त्यांच्याच कार्यालयातली एक मुलगी सोबत होती. तिचा साखरपुडा नागपूरच्या मुलाशी झालेला होता आणि रविवारीही मोजणीचं काम आहे असं घरी सांगून ती आली होती. अपघातानंतर दोघे डोहात मित्राला शोधत राहिले आणि चष्मेवाल्याने तिला मुख्य रस्त्यावर नेऊन रायपूरच्या बसमध्ये बसवलं. तिचं नाव निघू द्यायचं नाही, हे तिघांनी तिथेच ठरवलं. मग प्रश्न उरला, पोहता न येणारा मित्र पाण्यात गेला तरी कसा? त्याचं उत्तर म्हणून बीअर आली. घटनास्थळी आम्हाला एकही बाटली सापडली नव्हती, कारण बाटली नव्हतीच.

मुलीचं घर रायपूरच्या समता कॉलनीत होतं. मी साध्या वेषात गेलो, सोबत एक महिला शिपाई होती. दार तिच्या वहिनीने उघडलं. आम्ही कोण, असं तिने विचारलं नाही. "या," एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यावरून मी फोनवरचा आवाज ओळखला. पुढे तिने सांगितलं की त्या संध्याकाळी नणंदेचे ओले कपडे तिनेच पिळले होते. नंतर मुलगी जेवेना, झोपेना, तेव्हा तिने तिच्याकडून सगळं काढून घेतलं होतं.

मुलीचे वडील सरकारी नोकरीत होते. त्यांनी सरळ सांगितलं की त्यांची मुलगी कुठल्याही धबधब्यावर गेलेली नाही. त्यांचं बोलणं संपायच्या आत मुलगी आतून बाहेर आली.

"बाबा, मी होती तिथं."

मग तिने उभ्यानेच बयाण दिलं. जेवण झाल्यावर ती आपला खिचडीचा डबा धुवायला पाण्याच्या कडेला गेली. शेवाळावरून पाय सरकला आणि प्रवाहाने तिला डोहाकडे ओढलं. बाकीचे वर खडकावर होते, तो सर्वांत जवळ होता. तो तसाच, बुटांसकट आत आला. छातीइतक्या पाण्यात उभं राहून त्याने तिला धरलं. तिने घाबरून त्याचे हात ओरबाडले. त्याने तिला एका झाडाच्या मुळाकडे ढकललं, तिने मूळ पकडलं, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा तो तिथे नव्हता.

एक प्रश्न मला विचारावाच लागला. तुमच्या दोघांत काही होतं का? ती म्हणाली, "नाही सर. आम्ही एका टेबलावर काम करत होतो. पण इतकंच सांगितलं तर कोणी मानत नाही, म्हणून मी चूप बसली."

तिचे वडील मला अंगणात घेऊन गेले. नाव कागदावर येऊ देऊ नका, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. मी म्हटलं, कागदावर येईल, कारण त्याशिवाय त्या मुलाचा मृत्यू खोटाच राहील. वर्तमानपत्रात मात्र माझ्याकडून जाणार नाही. वडील म्हणून त्यांची अडचण मला कळत होती. ती माझ्या कामात बसत नव्हती, इतकंच.

तिघांची आणि मुलीची नवी बयाणं झाली. खोटी माहिती दिल्याबद्दल तिघांवर कारवाई करता आली असती. वरिष्ठांशी बोलून कडक ताकीद देऊन सोडलं. सहकाऱ्याला वाचवताना तरुणाचा मृत्यू झाला, अशी प्रेस नोट मी काढली. ती आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीखाली छापून आली.

मयताच्या घरी जाण्याचं मी मुलीला सुचवलं नव्हतं. तिनेच विचारलं. वहिनी तिच्यासोबत आली आणि मी दाराजवळ थांबलो. मुलीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. स्वतःचं गप्प बसणंही सांगितलं. आई ऐकत होती. नंतर तिने विचारलं, "पाणी लय थंड होतं का?"

"हो काकू."

"त्याले थंडी सोसत नव्हती," आई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

वडील इतका वेळ भिंतीकडे बघत होते. त्यांनी मुलीकडे न पाहता विचारलं, "भेला होता का तो?"

मुलगी म्हणाली, "हो काका. लय भेला होता. तरी आला."

वडिलांनी मान हलवली आणि ते बायकोला म्हणाले, "आयकलं का. शुद्धीत होता पोरगा." मग आई उठली आणि तिने सगळ्यांसाठी चहा टाकला.

मुलीचा साखरपुडा मोडला. नागपूरच्या मुलाची हरकत नव्हती, घरच्यांची होती. पुढे तिने रायपूर सोडलं, एवढं कळलं. व्हिसेराचा अहवाल माझी बदली झाल्यावर आला. त्यात दारू नव्हती. नव्या प्रभारींना सांगून मी त्याची एक प्रत वडिलांपर्यंत पोहोचवली.

ते तिघे वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांना जिवंत मुलीची अब्रू वाचवायची होती. ती वाचवताना त्यांनी दोष अशा माणसावर टाकला, जो नाही म्हणायला येणार नव्हता. असं मी पुढेही अनेकदा पाहिलं. रेल्वे रुळांवरचे मृत्यू असोत, कारखान्यातले अपघात असोत, विहिरीतली प्रेतं असोत, मेलेला प्यायलेला होता, वेडा होता, त्याचीच चूक होती, असं बयाण सगळ्यांत आधी येतं. ते देणारे नेहमीच गुन्हेगार नसतात. बऱ्याचदा ते घाबरलेले, भले लोक असतात, आणि म्हणूनच त्यांचं खोटं पटकन पटतं.

निवृत्तीआधी काही काळ मी नव्या उपनिरीक्षकांना शिकवायला जात असे. मर्गाची फाइल बंद करण्याआधी ती एकदा संपूर्ण वाचा, असं मी त्यांना सांगायचो. आणि स्वतःला विचारा, हा माणूस आत्ता समोरच्या खुर्चीवर येऊन बसला असता, तर त्याने यावर सही केली असती का?