पेटीचा गंधार

बारावीनंतरची सगळी सुट्टी मी संगीताच्या कॉलेजच्या तयारीला दिली. गाणं मला वडिलांनी शिकवलं. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते घरची पेटी नेऊन गावच्या भजनात वाजवतात. मी सुरेल गाते, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

त्यासाठी सांगलीला गाण्याच्या बाईंकडे शिकायला गेले, तर त्यांनी पेटी उघडलीच नाही. तानपुरा लावला आणि सारेगम म्हणायला सांगितलं. मी 'ग'वर पोचले, तशा त्या म्हणाल्या, "गंधार उतरतोय तुझा." दहा वेळा म्हटलं, दहाही वेळा उतरला. बाईंनाच कळत नाही, असं म्हणत मी तणतणत घरी आले. मोबाईलवर तानपुरा लावून पेटीचा 'ग' दाबला. पेटीचाच गंधार उतरलेला होता!

महिनाभर बाईंनी माझ्याकडून खरा गंधार घोटून घेतला. मग एका गुरुवारी भजनाला गेले. सगळं गाव त्याच उतरलेल्या गंधारावर खणखणीत गात होतं. मी माझा लावला. माणसं वळून बघायला लागली. वडिलांनी पेटी थांबवली.

"सांगलीला जाऊन लय बेसूर झालीस की गं."