मुंडी कोणाच्या घरी गेली

कुणी रानडुकराच्या शिकारीचा विषय काढला की मला एकच गुन्हा आठवतो, आणि त्याच्या मागोमाग माझे वडील. आम्ही मिठबावचे. वडील दुसऱ्यांच्या आंबा कलमांत राबायचे आणि मालक शिकारीला निघाले की हाकाऱ्या म्हणून रान उठवायला जायचे. बंदूक मालकाची, काटेकुटे वडिलांचे. पानात बांधलेला वाटा संध्याकाळी आला तर घरात मटण शिजायचं, एरवी पेज. त्या घरातून मी बी.ए. झालो. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी मी आचऱ्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी रुग्णालयातून फोन आला. काजूच्या रानात गेलेल्या एका हाकाऱ्याच्या मांडीत गोळी शिरली होती. मी हवालदाराला जबाब घ्यायला पाठवतोय तोच एक गडी स्वतःहून ठाण्यात हजर झाला. गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक त्याने टेबलावर ठेवली. शेती संरक्षणाचा परवाना होता, तोही काढून दाखवला.

"साहेबानु, बार माज्या हातसून सुटलो. डुकर पडलो नि लगेच दुसरो बार त्येका लागलो. माका आत घाला."

आत घाला म्हणणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. शिवाय ठासणीची बंदूक एकदा वाजली की पुन्हा ठासायला वेळ लागतो, लगेच दुसरा बार निघत नाही. जखमीही त्याचंच नाव घेत होता, पण दोघे एकाच बागायतदाराकडे कामाला. दुपारी डॉक्टरांनी काढलेली गोळी आमच्या ताब्यात आली. तांब्याचं कवच असलेली लष्करी गोळी. तशी गोळी त्या ठासणीच्या बंदुकीची असणं शक्य नव्हतं.

मी त्याला चहा दिला आणि आमच्या बोलीत विचारलं, "डुकर कोणी पाडलो?"

"मियाच."

"मग मुंडी तुका गावली असतली."

"होय तर. गावली."

आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या गोळीने जनावर पडतं, मुंडी त्याच्या घरी जाते. बाकीच्यांना एकेक वाटा. मी जीप काढून थेट त्याच्या घरी गेलो. बायको दारात भांडी घासत होती.

"मुंडी शिजवलास?"

"खंयची मुंडी? आमका एक वाटो इलो, तोय हाडकांचो."

"तुझो घोव म्हणता डुकर त्येनाच मारल्यान."

तिने राखेचा हात थांबवला. "ह्यांका घरातलो उंदीर मारूक जमणा नाय, डुकर काय मारतले," म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. ती हळूच म्हणाली, "साहेबानु, घराखालची जमीन मालकांची आसा. ते म्हणाले, गुन्हो आंगावर घे, जागा तुज्या नावार करतंय. नायतर पावसाआधी घर मोड. मुंडी त्येंच्याच घराक गेली."

पंच घेऊन आम्ही बागायतदाराच्या घराची झडती घेतली. माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. एका पेटीत पेंढ्याखाली जुनी आखूड लष्करी रायफल, कार्बाईन, मिळाली, तेल पाजून लखलखीत ठेवलेली. शेजारी हाताने दाबायचं लहान यंत्र, बंदुकीची दारू तोलायला सोनाराचा काटा, घासून पिवळ्याधमक केलेल्या रिकाम्या पुंगळ्या आणि नव्याने भरलेली काडतुसं.

मालक सत्तरी उलटलेले, शिकलेले, शुद्ध मराठी बोलणारे. "माझे वडील महायुद्धातून आले तेव्हा ही बरोबर आणली. हिची काडतुसं बाजारात मिळत नाहीत. मी स्वतः भरतो, एकेक तोलून. आजवर एक बार फुकट गेलेला नाही."

"वडिलांची असेल. परवाना कोणाचा?"

पंचनामा लिहून झाल्यावर मी सहीआधी वाचायला त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागद लांब धरला, जवळ घेतला, उजेडाकडे फिरवला आणि शेवटी बायकोला म्हणाले, "तू वाच गो."

मी विचारलं, "काटा कोण वाचतं?"

"मीच."

"याच डोळ्यांनी?"

मग त्यांची शुद्ध मराठी गळून पडली. "झाळीत काळा काय ता हललेला दिसला. माका वाटला दुसरो डुकर. तो वरडलो तेवा कळला माणूस म्हणान."

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. जप्त काडतुसांत दारू सारखी नव्हती, कुठे जास्त, कुठे फार कमी. मांडीत अडकलेली गोळी कमी दारूच्या काडतुसातली असावी, असं तज्ज्ञांचं मत पडलं. ज्या हिशेबाची मालकांना एवढी घमेंड होती तो चुकला, म्हणून हाकाऱ्या वाचला.

बंदुकीबद्दल लोक सहज खोटं बोलतात, पण कोणाच्या घरी काय शिजलं हे गावात लपत नाही. आणि कबुली मिळाली की तपास संपला असं मानणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की माणूस कबुली का देतो तेही विचारा. त्या गड्याला माराची भीती नव्हती, घराची होती. मी त्याला म्हटलं, "आज्याच्या काळापासून रवतस त्या घराखालच्या जागेवर कायद्यान तुझो हक्क आसा. त्यासाठी तुरुंगात कित्याक जातस? तहसीलात जा." तेव्हा कुठे त्याने खरा जबाब दिला.

मालकांना शिक्षा झाली, कार्बाईन सरकारजमा झाली. वनखात्याने शिकारीचा गुन्हा नोंदवला, त्यात या गड्यालाही दंड भरावा लागला. हाकाऱ्या थोडा लंगडतो, पण चालतो. तहसीलातल्या खेपा बऱ्याच झाल्या, मालकांच्या मुलांनी हरकती घेतल्या. आज त्या घराखालची जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे.