पत्त्याच्या डोक्यावर श्री

माझ्या मूर्खपणावर हसायचे असेल, तर चहा गार व्हायच्या आत हसून घ्या. पुढे जमेलच असे नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. बँकेतून लवकर निवृत्त होऊन मी भाईंदर पूर्वेला सुनील कांबळेच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बसू लागलो होतो. तो तिथल्याच गोडदेवचा, वयाने मुलासारखा. पूनम सागरजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी त्याने दोन वर्षे खपून प्रोग्राम लिहिला होता. सोबत डीबग पॅकेज जाई: प्रोग्राम अडला की मूळ फाइलची नेमकी ओळ दाखवणारे. पण त्यात फाइलचा पत्ता सुनीलच्या मशीनचा उतरे, '/होम/सुनील/लॅब'. लॅबवाल्यांकडे त्याच फाइली '/लॅब'मध्ये असत. पाठवण्यापूर्वी पत्ता तेवढा बदलायचा. एवढेच!

सुनील ऑपरेशनसाठी इस्पितळात गेला आणि ते काम माझ्याकडे आले. आता तुम्हीच सांगा, ज्याने वाण्याची यादीसुद्धा कधी 'श्री' घातल्याशिवाय लिहिली नाही, तो पत्ता बोडका ठेवील? मी टंकले: '/श्रीहरी/लॅब'.

आठवड्यात प्रोग्राम कुठेतरी अडला, आणि अडलेली ओळ काही दिसेना. रुग्णांचे रिपोर्ट खोळंबले. लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इक्बालभाईंचा फोन आला.

"काका, ये श्रीहरी किधर है? मशीन उसकोच ढूंढ रहा है!"

"अहो, तो सर्वत्र आहे."

"इधर तो नहीं है! शाम तक नहीं हुआ तो डॉक्टरसाब दूसरा प्रोग्राम लेंगे."

सुनीलची दोन वर्षे माझ्या एका 'श्री'पायी बुडायला निघाली! धावत इस्पितळ गाठले. तो पोटावरचे टाके धरून हसला.

"काका, मी देव मानत नाही, आणि तुम्ही त्याला माझ्याच जागेवर बसवलंत? उठवा त्याला. नुसतं '/लॅब' टाका."

हात जोडून क्षमा मागितली आणि देव पुसला. प्रोग्राम वाचला. सुनील वाचला नाही.

महिन्याभराने सुनीलच्या मशीनवर नवे पॅकेज करायला बसलो. पडद्यावर तोच पत्ता: '/होम/सुनील/लॅब'. देव पुसलेल्या हाताला तेवढे एक नाव पुसवेना. तसेच पाठवले.

"काका, ये होम-सुनील इधर नहीं है."

"ठाऊक आहे, भाई."

मग इक्बालभाई हळूच म्हणाले, "रहने दो. मैं इधरीच बना देता हूँ उसका फोल्डर."

मशीनला फाइल सापडली.

आणि दर एकादशीला भजनात 'नामरूप सारे मिथ्या' असे घसा फोडून लोकांना समजावणारा मी, पुढे प्रत्येक पॅकेजात तीच चूक मुद्दाम करत राहिलो.