अख्ख्या यंत्राची पूजा

मला माझ्याच यंत्राची भीती वाटते, हे मी कुणापासून लपवत नाही. लोक हसतात. बाई स्वतः बनवते आणि स्वतःच घाबरते, म्हणतात. हसू देत. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी त्या यंत्राच्या आसपास फिरकू देत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

मी महाडला कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. उरलेल्या वेळात आम्ही तिघं मिळून झुंजीचे रोबो बनवतो. एक मित्र औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इलेक्ट्रिकल बघतो, दुसऱ्याचं लेथचं वर्कशॉप आहे, आणि हिशेब-आकडेमोड माझ्याकडे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: जाड पारदर्शक भिंतींच्या पिंजऱ्यात दोन यंत्रं सोडतात, मालक बाहेर उभे राहून रिमोटने ती लढवतात, आणि ज्याचं आधी निपचित पडेल तो हरला. आमचं यंत्र जेवायच्या पाटाएवढं, तसंच बसकं. पुढे पोलादाचा आडवा ड्रम आणि त्याला बाहेर आलेले दात. ड्रमने वेग घेतला की दात दिसेनासे होतात आणि नुसती शिट्टीसारखी किंकाळी ऐकू येते.

खर्चाचं तर बोलायलाच नको. मोटर बाहेरच्या देशातून मागवायची, बॅटऱ्या मागवायच्या, आणि पुण्याच्या एका झुंजीत दोन्ही जाळून परत यायचं. नवरा म्हणतो, एवढ्या पैशांत गच्चीवर पत्रे चढले असते. त्याचं खोटं नाही, पण दर पावसाळ्यात तेच वाक्य ऐकून माझं डोकं फिरतं. गंमत म्हणजे या सगळ्या महागड्या पसाऱ्यात जीव वाचवणाऱ्या दोनच वस्तू आहेत आणि त्या कवडीमोल आहेत. एक म्हणजे लिंक. जाड वायरचा छोटासा आकडा. तो यंत्राच्या पाठीवरच्या खाचेत दाबला की बॅटरीची वीज आत जाते, उपटला की यंत्र मेलं. दुसरा लॉक, म्हणजे ड्रमच्या आरपार घालायचा साधा बोल्ट. तो असेपर्यंत ड्रम हलू शकत नाही. विसरू नये म्हणून त्याला मी लाल चिंधी बांधलेली आहे. झुंज किंवा चाचणी चालू नसली की लिंक काढलेली आणि लॉक घातलेला, हा आमचा नियम. तो मोडणाऱ्याला मी चारचौघांत फाडून खाते.

एवढी कडक मी उगाच झाले नाही. एकदा वर्कशॉपात चाचणी चालू असताना ड्रमचा एक दात निसटला. आम्ही लोखंडी पत्र्यामागे उभे होतो म्हणून बरं. दात समोरच्या फळीतून आरपार गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा पाडून तिथेच रुतला. फळीचं भोक बघितलं आणि मी खाली बसले. त्या दिवसापासून माणसाचा हात ड्रमजवळ दिसला की मला ते भोक आठवतं.

सासूबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणला राहतात. शेती सोडून खाली यायला त्यांना आवडत नाही, पण दसऱ्याला येतात. खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पुजायचं, हा त्यांचा कायदा. कोयता, विळी, नवऱ्याचे पाने, माझी शिलाई मशीन, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. एका वर्षी त्या म्हणाल्या, "तुझं ते दातवालं पन ठेव गो पाटावर." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या या छंदाकडे त्यांनी एकदाही वाकडं बघितलं नाही, आणि सरळही बघितलं नव्हतं.

दुपारी वर्कशॉपात चाचणी असल्यामुळे बॅटरी भरून आत बसवलेली होती. मी लिंक काढलेली बघितली, लॉक बघितला, यंत्र पाटावर ठेवलं, पलीकडे रिमोट ठेवला. लिंक शेजारच्या डबीत टाकली. नवरा आंघोळीला गेला होता. मी नैवेद्याचं ताट वाढायला स्वयंपाकघरात गेले.

ताट घेऊन आले आणि दारातच थिजले.

यंत्राच्या पाठीवर निळा दिवा लागला होता. लिंक खाचेत बसवलेली होती. लाल चिंधीचा बोल्ट धुऊन, पुसून, ताम्हनात पान्यांच्या शेजारी मांडलेला होता. पलीकडे रिमोटचा पडदाही उजळला होता. सासूबाई पाटासमोर मांडी घालून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात ड्रमवर होता. कुंकवाची बोटं दातांवर टेकलेली, ओठ पुटपुटत असलेले.

पण मला किंचाळायला झालं ते झेंडूच्या माळेमुळे. सासूबाईंनी एकच लांब माळ यंत्रावरून घेऊन पुढे रिमोटवर सोडली होती, आणि माळेच्या टोकाचा दोरा रिमोटच्या डाव्या दांडीला गुंडाळला होता, फुलं घसरू नयेत म्हणून. ती दांडी ड्रमची. ती यंत्राच्या दिशेने सरकली की ड्रम फिरतो, आणि सोडली तरी आपोआप मागे येत नाही. सासूबाईंचा हात माळेच्या खालून गेलेला. त्यांनी हात उचलला की माळ वर येणार, माळ वर आली की दोरा दांडी ओढणार.

किंकाळी मी गिळली. मी ओरडले असते तर त्या दचकल्या असत्या. हातातलं ताट आवाज न करता जमिनीवर टेकवलं.

"आई," मी हळू म्हणाले, "हलू नका."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "का गो? जनावर हाय का?"

त्या सापाला जनावर म्हणतात. वरच्या गावात गवत कापताना, लाकडं उचलताना जनावर निघालं तर काय करायचं हे त्यांना जन्मापासून माहीत.

"हो," मी म्हणाले.

त्या दगड झाल्या. पुटपुटणं थांबलं, श्वासही थांबल्यासारखा वाटला. बोटं होती तिथेच, दातांवर.

मी गुडघ्यांवर सरकत पाटापर्यंत गेले. आधी डावा हात लांब करून फुलांसकट ती दांडी मागे, बंदच्या बाजूला दाबून धरली. उजव्या हाताने यंत्राच्या पाठीवरचे झेंडू बाजूला केले आणि लिंक चिमटीत पकडली. ती मुद्दामच घट्ट बसेल अशी केली आहे, झुंजीत निसटू नये म्हणून. माझीच अक्कल. ओढली, नाही आली. घामाने बोटं सटकली. जोर लावावा तर यंत्र हलतं, यंत्र हललं तर त्या हात काढतील. मी ती डावीकडे-उजवीकडे हलवत राहिले आणि मनात कुणाकुणाला हाका मारल्या ते मला सांगता येणार नाही. मग ती निघाली.

निळा दिवा लगेच विझत नाही. आत साठलेली वीज संपेपर्यंत जळत राहतो. मी त्याच्याकडे बघत होते, दांडी दाबून धरलेली होती. दिवा फिका झाला आणि गेला.

"आता काढा हात."

त्यांनी हात काढला आणि वळून बघितलं. "कुठाय जनावर?"

"हेच जनावर!" आणि मग माझा तोल गेला. सासू आहे, वय झालंय, सणाचा दिवस आहे, कशाचं भान राहिलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं ती वायर घालायला? बोल्ट का काढलात? बोटं तुटून भिंतीला चिकटली असती तुमची! मी आणखीही बरंच बोलले असेन.

त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "खंडित वस्तूची पूजा करत नाय गो. त्येचा एक तुकडा डबीत पडल्याला. मागल्या खेपेला वर्कशॉपात तू बसवताना बघितलं व्हतं, तसा बसवला. त्यो बोल्ट मळला व्हता, म्हणून काढून धुतला. आणि त्या दुसऱ्या डब्याला, दांड्यावाल्याला, पुसताना त्यात उजेड पडला. म्हटलं, जागं झालं, बरंच झालं."

त्यांच्या दृष्टीने मीच अर्धवट, मोडकं यंत्र पाटावर आणून ठेवलं होतं.

तेवढ्यात नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. आमची तोंडं बघून म्हणाला, "काय झालं?"

"काय नाय," सासूबाई म्हणाल्या. "जनावर निघालं व्हतं. गेलं."

तो बिचारा तसाच ओलेता काठी शोधायला मागच्या दारी पळाला. एरवी मला हसू आवरलं नसतं. तेव्हा मी तिथेच पाटाशी बसून राहिले, लिंक मुठीत इतकी आवळली होती की तळव्यावर तिचा वळ उमटला.

"पण आई, एवढा वेळ हात कशाला ठेवला होतात त्याच्यावर? कुंकू लावून व्हायचं मोकळं."

"गाऱ्हाणं घालत व्हते."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे केलेलं मागणं. ते मोठ्याने घालतात, चारचौघांसमोर. त्यांनी मनातल्या मनात घातलं होतं.

"काय मागितलंत?"

त्यांनी ताम्हनातला बोल्ट उचलून पदराने कोरडा केला, त्याची ओली चिंधी पिळली.

"मला भ्या वाटतं त्येचं," त्या म्हणाल्या. "तू त्येच्या तोंडात रोज हात घालतीस. तुला काय बोलाया जावं तर तू ऐकायची नायस. म्हणून त्यालाच सांगितलं. म्हटलं, माझ्या सुनेचा हात राख."

हे त्यांनी त्याच्या दातांवर स्वतःचा हात ठेवून मागितलं होतं.